हळदीचे हात

शिमग्यापर्यंत हळद शिजवणाऱ्यांचे हात पिवळे असतात आणि पाडव्यापर्यंत ते पुन्हा चारचौघांसारखे होतात, हे त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. कढईजवळ वावरणारे, हळकुंडं वाळत घालणारे, पॉलिशचा ढोल फिरवणारे, सगळ्यांचेच हात असे रंगायचे की हातातली भाकरीसुद्धा पिवळी व्हायची. मग काम संपायचं, माणसं धुण्याचा साबण आणि काथ्या घेऊन दारात बसायची, आणि चार-आठ दिवसांत रंग उतरायचा. शिवप्पाचा यंदा उतरला नाही.

पाडव्याच्या दिवशी पुरणाची पोळी वाढताना नागूबाईनं नवऱ्याचं मनगट धरलं आणि हात उताणा केला. तळहात पिवळा होता. हळदीसारखा भडक नव्हे, जरा नारिंगीकडे झुकणारा, आतून आल्यासारखा.

"अवो, ही हळद न्हाय. ही कावीळ हाय," ती म्हणाली.

शिवप्पानं हात ओढून घेतला आणि पोळीचा घास मोडला. चाळीस वर्षं त्यानं मुरुमच्या आसपासच्या शिवारांत लोकांची हळद शिजवली होती. कढई त्याची, चुलवण त्याचं, आणि हळकुंडात काडी टोचून आता उतरवा म्हणणारा शब्दही त्याचाच. आता वाफेची यंत्रं आली होती, पण जुनी माणसं अजून त्यालाच बोलवायची. कानावर एक बिडी आणि तोंडात एक बिडी, असा तो जाळापुढं उकिडवा बसायचा. एवढ्या वर्षांत हात पिवळे झाले म्हणून कुणी घाबरलं असेल, तर ती नागूबाईच, आणि तेही लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात.

अयोध्या, त्यांची लेक, चुलीपाशी बसून हे ऐकत होती. तिनं आप्पाच्या डोळ्यांत बघितलं. बुबुळाभोवतालचं पांढरं पांढरंच होतं. काविळीत डोळे आधी पिवळे होतात, हे तिला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. पण आई कावीळ म्हणते आणि आप्पा वाळत चाललेत हे तर दिसतंच आहे, मग आपलं शिकलेलं कशाला पुढं करा, असं म्हणून ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला पुढं फार राग आला.

अयोध्या गावातल्या अंगणवाडीची बाई होती. लग्न होऊन दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला एका ट्रंकेसकट उमरग्याच्या स्टँडवर आणून सोडलं. शिवप्पा तिथून तिला घेऊन आला. पारावरच्या लोकांनी तोंडं वाकडी केली, तेव्हा त्यानं ट्रंक खाली ठेवली, बिडी पेटवली आणि म्हणाला, पोरगी माझी, घर माझं, तुमच्या पोटात का दुखायलंय. मग त्यानं तिला बारावीला बसवलं. अंगणवाडीची जागा निघाली तेव्हा तिच्याबरोबर धाराशिवला खेपा घातल्या, साहेबांच्या दारात उभा राहिला, आणि जागा मिळाल्यावर कढईत शिजवलेलं पहिलं हळकुंड देवापुढं ठेवतात तसा तिचा कागद देवापुढं ठेवला. तिच्या आयुष्यात जे काही उभं होतं ते या माणसानं उभं केलेलं होतं, आणि हे ती कधीही विसरली नव्हती.

अंगणवाडीच्या भिंतीवर एक तक्ता होता. गाजर, पपई, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, आणि खाली मोठ्या अक्षरात 'अ जीवनसत्त्व – डोळ्यांसाठी'. वर्षातून दोनदा उपकेंद्राची प्रीती सिस्टर यायची आणि दोघी मिळून पोरांना चमच्यानं पिवळं औषध पाजायच्या. पोरं तोंडं वेडीवाकडी करायची, पण अयोध्या नाक धरून, गोंजारून, वेळेला दटावून एकाही पोराला सुटू द्यायची नाही. या एका कामाचा तिला अभिमान होता.

तीन हंगामांमागं दिवस बुडताना शिवप्पाचा पाय चुलवणाच्या खड्ड्यात गेला. दिवेलागणीला धुकट दिसतंय म्हणाला. अयोध्याला लगेच तक्ता आठवला. म्हाताऱ्या माणसाला चमचाभर औषध कोण देणार, म्हणून ती उमरग्याला गेली आणि औषधाच्या दुकानातून गोळ्यांची बाटली घेऊन आली. बीटा कॅरोटीन, गाजरातलं सत्त्व, दुकानदार म्हणाला, शरीर त्याचंच अ जीवनसत्त्व करून घेतं. गोळ्या लालचुटूक होत्या, मण्यासारख्या. त्या दिवसापासून रोज सकाळी चहाबरोबर ती आप्पाच्या तळहातावर एक गोळी ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. बाटली संपली की दुसरी यायची.

"कसं दिसतंय आप्पा?"

"लख्ख," शिवप्पा म्हणायचा.

संध्याकाळी तो गायीच्या दावणीला ठेचकाळायचा ते नागूबाई बघायची आणि काही बोलायची नाही. तो मोतीबिंदू होता. पण लेकीनं एवढ्या हौसेनं आणलेल्या गोळीला गुण नाही म्हणणं शिवप्पाच्या जिवावर यायचं. त्याचा स्वभावच तसा होता. कालवणात मीठ पडलं नसलं तरी तो ताट चाटूनपुसून उठायचा.

तर पाडव्यानंतर त्याला बिराप्पाकडे न्यायचं ठरलं. बिराप्पा शेजारच्या वाडीतला मेंढपाळ. कावीळ उतरवायची विद्या त्याच्या घरात बापजाद्यांपासून होती आणि तो त्याचा पैसाही घ्यायचा नाही. परातीत चुन्याची निवळी घ्यायची, रोग्याचे हात त्यात धरायचे, कसल्याशा सालीचा रस चोळायचा आणि वरून पाणी सोडत राहायचं. पाणी पिवळं होतं. जेवढं पिवळं, तेवढी कावीळ अंगातून निघाली.

शिवप्पाच्या हाताखालचं पाणी भलतंच पिवळं झालं. नागूबाईनं हात जोडले. बिराप्पानं हात पुसून बघितले, तर ते होते तसेच होते. त्यानं शिवप्पाचा डोळा खाली ओढून पाहिला आणि जरा थबकला.

"डोळं तर पांढरं हायत. पर अजून हाय अंगात. पुढच्या आयतवारी या," तो म्हणाला.

तेल बंद, तिखट बंद आणि हळद तर अगदीच बंद, असं पथ्य पडलं. हळदीवर जगलेल्या घरात पांढरं वरण शिजायला लागलं. ज्या त्या रविवारी तिघं वाडीला जायची, परातीतलं पाणी पिवळं व्हायचं आणि हात तसेच पिवळे घेऊन माणूस परत यायचा. उन्हाळा असा गेला. शिवप्पाच्या गळ्याची हाडं वर आली, छातीच्या फासळ्या मोजता याव्यात अशा झाल्या. खोकला होता, पण खोकला बिडीचा. तो कोंबड्यासारखा रोज पहाटे असायचाच, त्याकडं कोण बघतो. अयोध्याला वाटलं, पथ्यानं माणूस खंगला, अंगात सत्त्व राहिलं नाही. तिनं गोळी एकाच्या जागी दोन केल्या. सकाळी एक, रात्री एक.

मृग कोरडा गेला, आर्द्रात जरा शिंपडलं. एके सकाळी शिवप्पा दारातल्या दगडावर बसून खोकत होता आणि थुंकीत रक्त पडलं. त्यानं पायानं माती सारली. अयोध्यानं बघितलं होतं.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात फोटो झाले, यंत्रात घालून झालं, छातीत सुई घालून तुकडा काढून झाला. श्रावणात निकाल सांगायला बोलावलं. डॉक्टर तरुण होता, बोलायला बरा होता. फुफ्फुसात गाठ आहे, पसरलेली आहे, असं त्यानं सरळ सांगितलं. मग बोलता बोलता त्यानं शिवप्पाचा हात हातात घेतला आणि उताणा केला.

"हे कधीपासून?"

कावीळ, अयोध्या म्हणाली. डॉक्टरनं डोळे बघितले आणि मान हलवली. कावीळ नाही. काही गोळ्या चालू होत्या का? अयोध्यानं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. एवढ्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा विचारत होतं, आपण आप्पाची कशी निगा ठेवली ते. तिनं सगळं सांगितलं: तीन वर्षं, एकही दिवस चुकला नाही, आणि उन्हाळ्यापासून दोन.

डॉक्टरनं बाटली फिरवून वाचली.

"बिडी ओढतात ना हे?"

"ओढत्यात."

"बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी या गोळ्या घ्यायच्या नसतात. त्यांच्यात या आजाराचा धोका वाढतो, असं दिसून आलंय." मग तिच्या तोंडाकडं बघून तो घाईघाईनं म्हणाला, "ह्यानंच झालं असं मी म्हणत नाही. मूळ बिडीच आहे. पण बंद करा. हात पिवळे झालेत ते या गोळ्यांनीच. बंद केल्या की दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतील."

पुढचं तिनं काही ऐकलं नाही. मूळ बिडी, हेही तिच्या कानात शिरलं नाही. धोका वाढतो, एवढंच शिरलं आणि तिथंच बसलं. शिवप्पा बाकावर बसून पंख्याकडं बघत होता.

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं लावून बसली. रडू आलं नाही. आपल्या हातानं, रोज, गिळेपर्यंत समोर उभं राहून. हेच तिच्या डोक्यात फिरत होतं. नळदुर्गला गाडी थांबली. माणसं चहाला उतरली. शिवप्पा उतरला नाही. त्यानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं.

"त्या गोळ्या म्या खाल्ल्याच न्हाईत," तो म्हणाला.

अयोध्यानं वळून बघितलं.

"म्या समोर उभी ऱ्हायचे आप्पा."

"उभी ऱ्हायचीस की. गालात धरायचो. जन्मभर तंबाखू धरली त्या गालात, गोळी धरायला काय हुतंय? तू वळलीस की मुठीत, आन् मुठीतनं गायीच्या पेंडीत. लोणी बघितलं न्हाईस का गायीचं, कसं पिवळंधमक निघायलंय?"

"मंग हात?"

"हात हळदीचं हायत. चाळीस वरीस कढईम्होरं बसलो. मुरली असंल आत." तो खोकला, थांबला, श्वास घेतला. "डॉक्टर पोरगं हाय. त्याला काय म्हाईत हळद."

अयोध्याला ते पटलं नाही. पण बुडणाऱ्या माणसाला काठावरचं गवतही धरावंसं वाटतं, तसं तिनं ते धरून ठेवलं. आणि त्याच वेळी तिच्या मनात आलं की याचा निकाल लागायला फार वेळ लागणार नाही. डॉक्टरनं सांगितलंच आहे. गोळ्या आता बंद. हात पांढरे झाले तर गोळ्यांचे होते, म्हणजे आप्पांनी त्या खाल्ल्या होत्या, म्हणजे आपण त्या खाऊ घातल्या होत्या. हात पिवळेच राहिले तर हळदीचे. तिनं आप्पाच्या मांडीवरच्या हाताकडं बघितलं. तोही तिच्याकडं बघत होता, आणि त्यानं नजर काढून घेतली.

घरी येऊन तिनं उरलेल्या गोळ्या शेणाच्या खड्ड्यात टाकल्या आणि वर पाटीभर शेण ओतलं.

मोठे उपचार शिवप्पानं नको म्हटले. दुखायचं थांबवायच्या गोळ्या घेऊन तो घरी पडला. पहिले काही दिवस ओसरीवर, मग म्हणाला, उजेड सोसत नाही, मला आतल्या खोलीत न्या. आतल्या खोलीत बियाण्याच्या आणि घरखर्चाच्या हळदीची पोती होती, अंधार होता, हवा कोंडलेली होती. नागूबाई नको म्हणाली. तो ऐकेना. शेवटी पोत्यांना लागून त्याची बाज टाकली.

अयोध्याचा दिवस आप्पाच्या हातापासून सुरू व्हायचा. चहा द्यायच्या निमित्तानं ती जायची आणि आधी तळहात बघायची. त्या हातांवर आपला जन्म टांगलाय असं तिला वाटायचं. तिला जेवण जात नव्हतं. भाद्रपदात प्रीती सिस्टर औषधाची पेटी घेऊन अंगणवाडीत आली, पोरं ओळीनं बसली, आणि अयोध्यानं चमचा भरून पहिल्या पोराच्या ओठांपर्यंत नेला, पण तिला तो पाजवेना. तिनं चमचा खाली ठेवला.

प्रीतीनं तिला बाहेर कडुलिंबाखाली नेलं आणि सगळं काढून घेतलं. हे पोरांचं औषध वेगळं, मापून दिलेलं, सरकारनं ठरवून दिलेलं, यानं पोरांचे डोळे वाचतात, असं तिनं पुन्हा पुन्हा समजावलं. तुझ्या आप्पांचं सगळंच वेगळं होतं, वय वेगळं, बिडी होती, रोजची गोळी होती. अयोध्या मान डोलवत राहिली. पण त्या दिवशी चमचा प्रीतीनंच धरला आणि अयोध्या नुसती पोरांची नावं सांगत उभी राहिली.

आश्विन लागला. हात पिवळेच होते.

एकदा ऊन खाली उतरल्यावर शिवप्पानं स्वतःच बाज उंबऱ्याजवळ घ्यायला लावली आणि दोन्ही तळहात उन्हात धरले.

"बघ. काय म्हनला हुता तुझा डॉक्टर?"

अयोध्यानं बघितलं. पिवळेधमक. दिवाळी झाली आणि तीन महिने होऊन गेले तरी रंग तसूभर कमी झाला नाही, उलट जरा गडदच झाला. डॉक्टर चुकला होता. आप्पा खरं बोलत होते. ती गोठ्यात गेली, गायीच्या मानेला मिठी मारली आणि मनसोक्त रडली. त्या रात्री तिनं दोन भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत भिंतीवरच्या तक्त्याची धूळ पुसली. बाप मरणार होता हे तिला कळत होतं, त्याचं दुःख होतंच. पण ते सगळ्या लेकींना होतं तेवढं दुःख होतं. ते सोसता येण्यासारखं होतं.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी तिच्या डोळ्यांवरून गेल्या आणि तिनं त्या जाऊ दिल्या. आप्पाच्या उशीच्या अभ्र्याला पिवळे डाग पडायचे. हात धुवायला ती तांब्या घेऊन गेली की तो म्हणायचा, ठेव तितंच, धुतो म्या. त्याच्यात उठायची ताकद राहिली नाही तेव्हा सकाळी सकाळी नागूबाई आत जाऊन दार लोटून घ्यायची. काय करलालीस अव्वा, असं अयोध्यानं एकदा बाहेरून विचारलं. अंगाला तेल लावायलाव, आतून उत्तर आलं. नागूबाईनं नवऱ्याच्या अंगाला कधी तेल लावल्याचं अयोध्याला आठवत नव्हतं. पण मरणाच्या दारात माणसं मऊ होतात, असं तिला वाटलं.

मार्गशीर्षात बेंबळीहून फोन आला. नागूबाईचा थोरला भाऊ गेला होता. जाऊ का नको करत ती कितीतरी वेळ बाजेच्या कडेला बसून राहिली. शिवप्पानंच तिला हातानं खूण केली, जा. जाताना ती दोनदा उंबऱ्यातून मागं आली. त्यास्नी धुवू नगंस, गार लागतंय, असं लेकीला बजावून ती गेली. मातीला पोचली, पण परतीची गाडी चुकली आणि मग तिसऱ्याच्या विधीलाही तिला ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अयोध्या आप्पाला ज्वारीची पातळ आंबील पाजत होती. दोन घोट गेले आणि खोकला उसळला. वाटी कलंडली. आंबील छातीवर, हातावर, बोटांच्या बेचक्यांत सांडली. पुसून निघेना, चिकट होत चालली. अव्वा धुवू नकोस म्हणाली होती, पण असं बरबटलेलं कसं ठेवणार? तिनं चुलीवरचं कोमट पाणी टोपात आणलं, साबणाची वडी आणली आणि बाजेशी बसून त्याचा उजवा हात पाण्यात घेतला.

शिवप्पानं हात ओढला. ओढला म्हणजे बोटं जराशी वळली, एवढीच ताकद होती. तिला वाटलं, पाणी जास्त गरम झालं.

"कोमटच हाय आप्पा," ती म्हणाली आणि साबण लावला.

साबणाखाली रंग आधी लालसर झाला, मग पाणी पिवळं झालं. ती चोळत राहिली. बिराप्पाच्या परातीत व्हायचं तसंच पिवळं, आणि तिला ते आठवलंही. मग तिनं वर स्वच्छ पाणी सोडलं. तिथं पाणी पिवळं झालं तरी हात पिवळेच राहायचे. इथं रंग वरवरचाच होता, आणि त्याच्याखालून पांढरा हात निघाला.

तिनं तो उलटा केला, पुन्हा उताणा केला. साधा, चारचौघांसारखा, आजारी माणसाचा फिकट तळहात. कढईच्या कडेनं भाजलेले जुने व्रण, बिडी धरायच्या दोन बोटांवरचा करडा डाग, रेषा. रेषांमध्ये तेवढी हळद अडकून राहिली होती, बारीक, सुकी, पोत्यातल्या हळकुंडांची पूड.

अयोध्याच्या हातातली साबणाची वडी टोपात पडली. तिनं पोत्यांकडं बघितलं. बाजेच्या उशाकडच्या पोत्याची शिवण बोटभर उसवलेली होती. खाली भिंतीशी एक दगड होता, पिवळा झालेला. म्हणजे हे माणूस इथं अंधारात, खोकत, दगडानं हळकुंड चेचून आपले हात रंगवत पडलं होतं. हात उचलेनासे झाले तेव्हा अव्वानं रंगवले होते. गोळ्या कधीच गायीच्या पेंडीत गेल्या नव्हत्या. एकूण एक गोळी पोटात गेली होती, कारण ती लेकीनं दिली होती.

श्रावणापासून जे दूर ठेवलं होतं ते सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. तिला ओरडावंसं वाटलं. पाय धरावेत, माफी मागावी, छाती बडवून घ्यावी. तिनं मान वर केली.

शिवप्पा तिच्याकडं बघत होता. मोतीबिंदूनं धुरकटलेल्या डोळ्यांना तिचं तोंड किती दिसत होतं कोण जाणे. पण तो घाबरला होता. मरणाला न घाबरलेला माणूस आता लेकीच्या तोंडाकडं बघून घाबरला होता. त्यानं पांढरा हात मिटायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यात थांबली.

"निघाली का गं?" त्यानं विचारलं. आवाज नव्हताच, नुसता वारा होता.

अयोध्यानं त्याचा हात पदरानं कोरडा केला. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, मिसळणाच्या डब्यातली हळद मुठीत घेतली आणि तेलाचे दोन थेंब टाकून परत आली. बाजेवर बसून तिनं त्याचा हात मांडीवर घेतला आणि हळद चोळायला सुरुवात केली. तळहाताला, बोटांना, बेचक्यांत, रेषांत. लग्नाआधी तिला हळद लागली होती तेव्हा याच हातानं शिजवलेली होती. पाणी तिच्या गालांवरून खाली उतरत होतं आणि तिनं ते पुसलं नाही, कारण हात मोकळे नव्हते.

"न्हाय निघत आप्पा," ती म्हणाली. "साबण लावला, चोळून बघितलं. लई मुरलीया. न्हाय निघत."

शिवप्पानं तिचा शब्द ऐकला. चोळणारी बोटंही त्याला जाणवत असणार. त्याच्या तोंडावरची भीती हळूहळू उतरली.

"चाळीस वरीस," तो म्हणाला.

"व्हय."

तिनं दुसरा हातही रंगवला. तो झोपी गेल्यावर टोपातलं पिवळं पाणी परसात नेऊन ओतलं.

नागूबाई परत आली तेव्हा आधी आत गेली आणि नवऱ्याचे हात बघितले. मग बाहेर येऊन लेकीचे बघितले. दुसऱ्या दिवसापासून नागूबाई उजवा हात घ्यायची आणि अयोध्या डावा. दार लोटायची गरज उरली नाही. शिवप्पा डोळे मिटून पडून राहायचा, आणि कुणी समाचाराला आलं तर हात पांघरुणाबाहेरच असू द्यायचा.

पौषात, शिवारातल्या हळदीचा पाला पिवळा पडून झोपला तेव्हा, तो गेला. दिवस वर आला होता. भावकीतल्या माणसांनी लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला अंघोळ घालायला अंगणात पाटावर बसवलं, भिंतीला टेकवून. जंगम आले. एकानं तांब्या भरला, एकानं साबण घेतला आणि खांद्यापासून खाली चोळत आणलं. दारात बायका बसल्या होत्या. अयोध्या त्यांच्यातून उठली आणि पुढं झाली. बाईमाणसानं असं मध्ये येणं कुणाला रुचलं नाही, पण तिच्या तोंडाकडं बघून कुणी अडवलं नाही.

"हातास्नी साबण लावू नगासा," ती म्हणाली. "हाय तसं ऱ्हाऊ द्या."

साबण धरलेल्या माणसानं नागूबाईकडं बघितलं. नागूबाईनं मान हलवली. त्यांनी बाकीचं अंग धुतलं, हात तेवढे कोरडे ठेवले. अंगाला विभूती लावली, गळ्यात लिंग घातलं आणि पिवळे हात मांडीवर जुळवून ठेवले. जाताना गल्लीतल्या बायका म्हणाल्या, हळदीचा माणूस, हळदीच्या हातानंच गेला बघा.

व्हय, अयोध्या म्हणाली, आप्पांचे हात तसेच होते.